इस्त्रीखात्यातले स्कर्ट

स्कर्ट हा शिवायला सगळ्यात सोपा आणि बसवायला सगळ्यात अवघड कपडा. दोन बाजूंच्या शिवणी, वर पट्टा, खाली दुमड, झालं. मशीन शिकायला आलेल्या मुलीला आम्ही पहिला स्कर्टच शिवायला द्यायचो. पण तो अंगावर चढला की लपायला जागा नसते. बाही नाही, गळा नाही, कॉलर नाही. कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, यांचा मेळ चुकला की तो लांबून दिसतो.

हा मेळ घालणं हे माझं काम. मी पॅटर्न मास्टर होते. आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळात अजूनही लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करत होता? तर परदेशातून एखाद्या कपड्याचं चित्र यायचं. त्यावरून मी ब्राऊन पेपरवर त्याचे तुकडे आखायची: पुढचा भाग, मागचा भाग, पट्टा, खिसा. तो कागद कापडाच्या थप्पीवर ठेवून कटिंगवाले कापायचे आणि त्या एका कागदावरून हजारो कपडे निघायचे. माझी रेघ पाव इंच हलली, तर कुठल्यातरी थंड देशातल्या हजारो बायकांच्या कमरेला ते पाव इंच काचणार. हे काम करणाऱ्या पुरुषांना सगळे ‘मास्टरजी’ म्हणतात. बाईला काय म्हणायचं हे कुणाला कळेना, म्हणून मी ‘मॅडम’ झाले. आडनाव पारखे. पण दिल्लीला हे आडनाव काही उमजलं नाही. त्यामुळे नगरकडच्या एका ख्रिस्ती मराठी कुटुंबातली मी चाळीस वर्षं ‘पारेख मॅडम’ म्हणून जगले. सुरुवातीला दुरुस्त करायची. मग सोडून दिलं.

बाईच्या आणि पुरुषाच्या बांध्यात आमच्या धंद्याच्या दृष्टीने फरक एवढाच की बाईची कंबर आत जाते आणि सीट बाहेर येते, पुरुषाचं अंग वरून खाली बरंचसं सरळ. म्हणून बायकांच्या स्कर्टला मागे टक्स घालतात, म्हणजे कापड चिमटीत धरून शिवतात, आणि बाजूची शिवण गोलाई देऊन कापतात. त्यामुळे कागदावर नुसते दोन आकडे लिहून दिलेत, तरी कपडा कुणासाठी आहे ते मला कळतं. या विद्येचा मला तरुणपणी फार तोरा होता, आणि तो मला महागात पडला. म्हणजे मला नाही, दुसऱ्याच एका माणसाला.

तेव्हा मी करोल बागेत एका लेडीज टेलरकडे कामाला होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि मुलीने शिंप्याच्या दुकानात काम करावं हे त्यांना बिल्कुल पसंत नव्हतं. दुकानात एक गृहस्थ यायचे. पन्नाशीचे, हातात ऑफिसची बॅग, बोलणं अगदी हळू. पत्नीसाठी स्कर्ट शिवायचा म्हणायचे. कापड स्वतः निवडून आणायचे आणि ते इतकं छान असायचं की मी हात फिरवत राहायची. माप चिठ्ठीवर: कंबर छत्तीस, सीट अडतीस. मला पहिल्याच दिवशी कळलं. मी काही न बोलता टक्स काढून टाकले, शिवण सरळ केली, आणि दोन स्कर्ट नीट शिवून दिले. दुसरा घ्यायला आले तेव्हा म्हणाले, “पहलेवाला बहुत अच्छा बैठा, बेटा.”

तिसऱ्या वेळी दुकानात गर्दी होती. लग्नसराई. मला काय बुद्धी झाली कोण जाणे. मी सगळ्यांच्या देखत हसून म्हणाले, “साहेब, आत जाऊन एकदा घालूनच बघा ना, माप तर तुमचंच आहे!”

मदत करत होते असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला दाखवायचं होतं की मी किती हुशार आहे. दोन बायका वळून बघायला लागल्या. ते गृहस्थ म्हणाले, “नहीं बेटा, वो तो घर पर हैं,” आणि पुडकं न घेताच पायऱ्या उतरून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. तो स्कर्ट मालकांनी दोन दिवाळ्या कपाटात ठेवला, मग कुणाला तरी देऊन टाकला. कपाट उघडलं की मला तो दिसायचा.

पुढे एक्सपोर्टच्या कामात शिरले आणि शेवटची बावीस वर्षं गुरुग्रामच्या एका कारखान्यात काढली. मी गेले तेव्हा ते गुडगाव होतं आणि आमच्या गेटसमोर मोहरीचं शेत होतं. निघाले तेव्हा तिथे काचेचा टॉवर होता. ज्या माणसाबद्दल मला लिहायचंय तो या कारखान्याच्या इस्त्रीखात्यात होता. नाव सुग्रीव प्रसाद. उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा, उंच, हाडकुळा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. खात्यात बारा माणसं होती आणि हा त्यांचा प्रमुख. (आमचं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं. इथे बरंचसं मराठीत लिहितेय, पण त्याचे काही शब्द बदलवत नाहीत, ते तसेच ठेवते.)

इस्त्रीखातं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. बॉयलरची वाफ पाइपांतून प्रत्येक टेबलापर्यंत येते. हातात वाफेची इस्त्री, समोर तापलेलं टेबल, आठ तास उभं राहायचं. दिल्लीच्या मे महिन्यात बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, चाललेली असते, आणि इस्त्रीखात्यातून बाहेर आलेला माणूस त्या लूमध्ये उभा राहून म्हणतो, वा, काय गार आहे. छपराला दोन पंखे होते. ते गरम हवा ढवळायचे. बाराच्या बारा जणांना मांड्यांवर घामोळं आणि नायटा. घरी सगळे लुंगीवर वावरणारे, पण कारखान्यात लुंगीला बंदी, कारण सुटलेलं टोक मशीनमध्ये अडकू शकतं. नियम बरोबरच होता. कारखान्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, हवेशीर कपडे घाला. झालं त्यांचं काम.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुग्रीवजी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“मैडम, एक बात पूछें, बुरा तो न मानिएगा?”

मला वाटलं रजेचं काहीतरी असेल. त्यांनी कोपऱ्यातल्या रॅककडे बोट दाखवलं. तिथे एका ऑर्डरचे रिजेक्ट स्कर्ट होते. निळं सुती कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं, पोटरीपर्यंत लांब, चांगला घेर. परदेशातल्या कुणी मुलीने सुट्टीत समुद्रकिनारी घालावा म्हणून काढलेलं डिझाइन. रंग सगळीकडे सारखा उतरला नाही म्हणून तो लॉट राहिला होता. असे राहिलेले कपडे कामगारांना घरी न्यायला मिळत. गेटपासवर सही माझी.

“घरच्यांसाठी हवाय का?” मी विचारलं.

“नहीं. हमको चाहिए.”

मी काही बोलले नाही. करोल बागेने मला तेवढं शिकवलं होतं. ते आत आले आणि अगदी कामाचं बोलावं तसं समजावायला लागले. तीन आठवडे हाच स्कर्ट इस्त्री करत होते, त्यामुळे त्याचा टाका न् टाका ओळखीचा झाला होता. मागे इलॅस्टिक आहे, पुढे पट्टा आणि हूक, म्हणजे लुंगीसारखा सुटणार नाही. टोकं मोकळी नाहीत, म्हणजे कशात अडकणार नाही. पँटला दोन पाय असतात, ते मध्ये घासतात, आणि नायटा तिथेच आहे. याला मध्ये काहीच नाही.

मी म्हटलं, “फुलाफुलांचा आहे. तो शेजारी करडा बघा, प्लेन. तो घ्या हवा तर.”

त्यांनी करडा उचलला, खिशात हात घालायला गेले. हात गेला नाही. बायकांच्या कपड्यांना असतो तसा दिखाऊ खिसा होता, नुसती पट्टी शिवलेली. मग निळा उचलला आणि खिशात मनगटापर्यंत हात घातला.

“यह असली है,” ते म्हणाले. “बीडी का बंडल, चश्मा, रूमाल, सब आ जाएगा. यही दीजिए.”

मी म्हटलं, घालून दाखवा, बसवून देते. पडद्याआड जाऊन ते स्कर्ट घालून आले, वर तोच मळका बुशशर्ट. दोन्ही बाजूंना गोलाईचं कापड फुगून राहिलं होतं, कारण तिथे भरायला काही नव्हतं. मी गुडघ्यावर बसून टाचण्या लावायला लागले. ते मागे सरकले.

“मत छेड़िए, मैडम. वहीं से तो हवा जाती है.”

पुरुषाच्या अंगावर बाईचा स्कर्ट चुकीचा बसतो हे मला सिद्ध करता आलं असतं. पण ज्याच्या अंगावर होता त्याला तो बरोबर वाटत होता. मी टाचण्या काढून घेतल्या आणि गेटपासच्या वहीत ‘एक नग’ लिहून सही केली.

दुसऱ्या दिवसापासून ते पँट घालून यायचे, खात्यात गेल्यावर स्कर्ट चढवायचे आणि सुट्टी झाली की पुन्हा पँट. पहिल्या दिवशी अख्खा शिलाई हॉल काहीतरी निमित्त काढून तिकडून जाऊन आला. एक सुपरवायझर त्यांना ‘बहनजी’ म्हणायला लागला. सुग्रीवजी इस्त्री न थांबवता म्हणाले, “बहनजी कहो, भाभीजी कहो, भैया. जाँघ तो ठंडी है.” आठवडाभरात त्यांचा नायटा सुकायला लागला. ते पाहून दुसरा आला, मग तिसरा. जूनच्या अखेरीस बारापैकी सात जण स्कर्टमध्ये होते. आणि प्रत्येकाची आवड वेगळी. एकाला चुण्यांचा हवा, एकाला गुडघ्याच्या वर चालणार नाही. एकाने बाजूच्या चेनचा स्कर्ट नेला आणि परत आणून दिला. बायकांच्या स्कर्टला चेन डावीकडे असते, त्याचा उजवा हात तिथवर पोचेना. मी तोवर इतक्या बारकाईने स्कर्ट निवडणारी गिऱ्हाइकं पाहिली नव्हती.

मग कुणीतरी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. सात पुरुष, फुलाफुलांचे स्कर्ट, वाफ, आणि मागे एक लग्नातलं गाणं जोडलेलं. तो जनरल मॅनेजर खन्नासाहेबांपर्यंत पोचायला एक दिवस लागला.

खन्नासाहेब वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. त्यांनी मला आणि सुग्रीवजींना केबिनमध्ये बोलावलं आणि फोन टेबलावर ठेवला.

“बायर ने देख लिया तो? बोलेंगे, हम अपने आदमियों का तमाशा बनाते हैं. पारेख मॅडम, ये स्कर्ट आपने दिए?”

मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं. “सर, गेटपासवर माझी सही आहे. पण नेलेला कपडा पुढे कोण घालतं, ते मला कसं कळणार?”

सुग्रीवजी शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “मैडम को नहीं मालूम था, साहब,” ते म्हणाले. “हम खुद लिए थे.”

त्याच दिवशी नोटीस लागली. इस्त्रीखात्यात पँट सक्तीची.

घरी आल्यावर मी मिस्टरांना सांगितलं. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, जन्म फायलींत गेलेला. म्हणाले, “बरोबर केलंस. लेखी काही नाही ना? मग तुझ्यावर काही येत नाही.” मला मनातून वाटत होतं की त्यांनी मला रागवावं. त्यांनी चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात सुग्रीवजी कामावर दिसेनात. खात्यातल्यांनी सांगितलं, मांडी चिघळलीय, ताप आहे. मी रविवारी दुपारी कापसहेड्याला त्यांच्या खोलीवर गेले. आमच्या कारखान्यांतली निम्मी माणसं तिथेच राहतात, एकावर एक खोल्या, मध्ये अरुंद जिना. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खाटेवर सुग्रीवजी बसले होते. अंगात बनियन आणि तोच निळा स्कर्ट. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. त्यांची बायको फुलमती पाणी घेऊन आली. आणि दाराशी त्यांचा मुलगा पवन उभा होता. पंचविशीचा, एका मॉलमध्ये कपड्यांच्या शोरूममध्ये कामाला, इस्त्रीचा शर्ट. त्या दिवशी सुट्टी होती तरी शर्ट पँटमध्ये खोचलेला.

तो थेट माझ्यावरच आला. “आप तो पढ़ी-लिखी हैं, मॅडम. बुढ़ापे में इनका मज़ाक बनवा दिया. शोरूम में सबने वीडियो देखा. मैनेजर मुझसे पूछता है, ये तेरे पापा हैं? ढीली पैंट सिल के दे देतीं, आपको तो आता है.”

“पवन,” सुग्रीवजी म्हणाले. “इधर आ.”

तो आला नाही. मग त्यांनीच स्कर्ट मांडीपर्यंत वर घेतला. मी मान वळवली, पण त्याआधी दिसायचं ते दिसलं. कातडी सोललेली, लाल, मध्ये पिवळं. पवनने ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो जवळ आला.

“कब से है?”

“तीन साल से. हर गर्मी.”

“बताया नहीं.”

“तू पूछा नहीं,” फुलमती आतून म्हणाली. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघून तोंडावर पदर धरून हसायला लागली. “मैडम, जिस दिन ये नहीं पहनते, उस दिन हम पहन लेते हैं. हमको भी आता है. जेब कितनी बड़ी है!”

सुग्रीवजींनाही हसू आलं. पवनला नाही. तो आत गेला आणि टेबलफॅन उचलून गॅलरीत आणून बापाच्या पायांकडे लावून ठेवला.

निघताना मी म्हटलं, “सुग्रीवजी, त्या दिवशी केबिनमध्ये मी खोटं बोलले.”

“नौकरी सबकी है, मैडम,” ते म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी खन्नासाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “सर, मला माहीत होतं. मीच दिले. सातही जणांना, घालायलाच दिले. आणि तुमचा सगळ्यात चांगला इस्त्रीवाला आज तापाने घरी पडलाय.” माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्या टायपिस्टने टाइप करणं थांबवलं.

खन्नासाहेब खुर्चीत मागे टेकले. “अच्छा, अच्छा, बैठिए. तो क्या करें? एक काम कीजिए. जेंट्स का बना दीजिए. कुछ ऐसा, जो स्कर्ट न लगे.”

मी रात्र-दिवस एक केला असं म्हणणार नाही, पण जीव ओतून काम केलं. करडं जाड कापड, फुलं नाहीत, टक्स नाहीत, घेर काढून सरळ कट, पुरुषी बांध्याला अगदी चोख. पुतळ्यावर इतका सुरेख बसला की मी दोनदा लांब जाऊन पाहिला. सुग्रीवजी बरे होऊन परत आले तेव्हा त्यांना आणि बाकी सहा जणांना तो दिला.

दोन दिवसांत तीन जणांच्या बाजूच्या शिवणी फाटल्या. इस्त्रीवाला दिवसातून शंभरदा उकिडवा बसतो, खालून गठ्ठा उचलायला. माझ्या सरळ कटमध्ये त्याचे गुडघेच उघडत नव्हते. “इसमें चलना नहीं, फुदकना पड़ता है,” सुग्रीवजी म्हणाले. आणि मग जरा संकोचून, “मैडम, औरतवाला ही ठीक था.”

चाळीस वर्षं मी बायकांसाठी घेर आखत होते तो दिसायला छान म्हणून. त्यात माणसाला उकिडवं बसता येतं, लांब पाऊल टाकता येतं, हे मला एका इस्त्रीवाल्याने सांगावं लागलं. जुने स्कर्ट परत आले. खन्नासाहेबांची अट एकच: बाहेरचं कुणी येणार असेल त्या दिवशी पँट.

आणि बाहेरच्या बाई न सांगताच आल्या. परदेशी कंपन्या आपला माल कुठे, कसा बनतो हे बघायला तपासणी करणारी माणसं पाठवतात. या बाई दिल्लीच्याच, सुती साडी, पायात चपटी चप्पल, हातात पॅड. खन्नासाहेब त्यांना कॅन्टीनकडे वळवत होते, पण त्या इस्त्रीखात्यात शिरल्या. मी मागेच होते. सातही जण जिथल्या तिथे थांबले. इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत होती.

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. मग सुग्रीवजींना विचारलं, “हे का घातलंय?”

खन्नासाहेब काही बोलणार, तेवढ्यात सुग्रीवजींनी उत्तर दिलं. “गर्मी है, मैडम.”

“किती गरम असतं इथे?”

“आप खड़ी रहिए थोड़ी देर.”

त्या खरंच उभ्या राहिल्या. टेबलाशेजारी, दहा मिनिटं. घाम त्यांच्या कपाळावरून पॅडवर पडला. मग त्यांनी बॅगेतून तापमापक काढला, तीन ठिकाणी लावला आणि लिहून घेतलं. त्यांच्या अहवालात स्कर्टचा उल्लेखही नव्हता. इस्त्रीखात्यात हवा खेळवण्याची सोय नाही, एवढ्या अवधीत करा, नाहीतर ऑर्डर थांबेल, असं होतं. खन्नासाहेबांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. मग भिंतीत मोठे एक्झॉस्ट पंखे बसले, प्रत्येक टेबलावर गार हवेचा पाइप आला.

जे पंखे वर्षानुवर्षं मागून मिळाले नव्हते ते असे मिळाले. मी त्याच इमारतीत इतकी वर्षं एअर कूलरसमोर बसून रेघा मारत होते आणि एकदाही म्हटलं नव्हतं की त्या खोलीत माणसं भाजतात. ही रुखरुख आहेच.

पुढच्या उन्हाळ्यात खात्यात गारवा होता. नायटे बरे झाले. एकेक जण पँटवर परत गेला. शेवटी स्कर्टमध्ये एकटे सुग्रीवजी उरले. खन्नासाहेबांना ते खुपायला लागलं. “अब इसको क्या प्रॉब्लम है?” त्यांनी मला विचारलं. “पूछिए ज़रा.”

मी लगेच विचारलं नाही. दोन-तीन दिवस गेले. मग एकदा दुपारी बाकीचे जेवायला गेले होते, सुग्रीवजी एकटेच शेवटचा गठ्ठा संपवत होते, तेव्हा मी टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“सुग्रीवजी, आता तर गारवा आहे.”

“हाँ, मैडम.”

“नायटा?”

“वह तो कब का गया.”

त्यांनी हातातल्या कपड्याची चुणी पूर्ण केली, इस्त्री बाजूला उभी ठेवली आणि खाली बघत म्हणाले, “अच्छा लगता है, मैडम. बस.” थोड्या वेळाने, “पैंट में लगता है कोई पकड़े हुए है.”

मी म्हटलं, “नवीन लॉटमधले काही राहिलेत. मरून आहे, आणि एक पिवळा, बारीक चौकड्यांचा. बघून घ्या सुट्टी झाल्यावर.”

“जेब?”

“दोन्हीला असली.”

त्यांनी पिवळा घेतला. इतकी वर्षं मी स्कर्ट बनवले, बायकांच्या तक्रारी ऐकल्या, इथे सैल, तिथे घट्ट, लांबी जास्त. तो घालून बरं वाटतं असं मला सांगणारा हा पहिला माणूस. खन्नासाहेबांना मी सांगितलं, “त्यांचं काम चोख आहे, सर. कपडा सुरक्षित आहे, मी लेखी देते.” आणि दिलं. मिस्टरांना त्या संध्याकाळी कळलं तेव्हा ते म्हणाले, “लेखी?” मी म्हटलं, “हो, सहीसकट.”

तीन वर्षांनी सुग्रीवजी निवृत्त झाले. समोसे, हार, खन्नासाहेबांचं भाषण, सगळं रीतसर. इतक्या वर्षांत ते एकदाही पँट घातल्याशिवाय गेटबाहेर गेले नव्हते. त्या संध्याकाळी सगळ्यांना नमस्कार करून ते निघाले, ते पँट चढवायला खात्याकडे वळलेच नाहीत. वर पांढरा कुडता, गळ्यात झेंडूचा हार, खाली पिवळा चौकड्यांचा स्कर्ट. तसेच सरळ गेटकडे चालत गेले. शिलाई हॉलच्या खिडक्यांत डोकी गोळा झाली. कुणी शिट्टी वाजवली नाही. चौकीदाराने नेहमीप्रमाणे पिशवी तपासली आणि सलाम केला.

बाहेर पवन मोटारसायकल घेऊन आला होता. हेल्मेट डोक्यावर, शोरूमचा शर्ट. आजूबाजूला सुट्टी झालेली शेकडो माणसं, रिक्षावाले, चहावाले. त्याने बापाला येताना पाहिलं. मी गेटच्या आत उभी होते, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो जागचा हलला नाही, एवढं दिसलं. सुग्रीवजी जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बायका बसतात तसे एका बाजूला पाय सोडून मागे बसले.

पवनने गाडी सुरू केली. पण सोडली नाही. मान मागे वळवून खाली बघितलं.

“बाबू, घेर समेट लीजिए,” तो म्हणाला. “चेन में आ जाएगा.”

सुग्रीवजींनी स्कर्ट गोळा करून मांडीखाली दाबला. मग गाडी निघाली.